आहार, व्यायाम आणि सुदृढ उदरस्नायू : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

२००७ मधील ‘ओम शांती ओम’ आणि २००८ मधील ‘गजनी’ या हिंदी चित्रपटांत प्रमुख अभिनेत्यांच्या पोटावरील स्नायूंच्या रेषा ठळकपणे दाखविल्या गेल्या आणि ‘सिक्स पॅक’ हा शब्द महाविद्यालयीन तरुणांच्या नित्याच्या बोलण्यात आला. महाराष्ट्रात बलोपासना तत्पूर्वी नव्हती असे नाही. तालीम, आखाडा, मल्लखांब आणि सूर्यनमस्कार यांची येथे दीर्घ परंपरा आहे. परंतु त्या परंपरेत शरीराची पारख ताकद, दम आणि चपळता यांवरून होत असे. पोटावर किती रेषा उमटतात हा तिचा निकष नव्हता.

तरुणांच्या मनात हे नवे आकर्षण रुजत असताना समाजात त्याच्या नेमकी विरुद्ध प्रक्रिया घडत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढांमध्ये सर्वसाधारण स्थूलता, तर ३९.५ टक्के प्रौढांमध्ये उदरस्थूलता आढळून आली. याचा अर्थ असा की, वजनाच्या निकषावर स्थूल न ठरणाऱ्या अनेक भारतीयांचे पोट मात्र सुटलेले आहे.

पोटावरील रेषांच्या मागे लागलेला विद्यार्थी आणि सुटलेल्या पोटाने चिंतित झालेला प्रौढ हे दोघे वरकरणी भिन्न वाटले, तरी त्यांचा एक समज समान असतो. पोटाचे व्यायाम केले की पोटावरील चरबी कमी होते, हा तो समज होय. या समजापोटी विद्यार्थी दररोज शेकडो सिट-अप काढतो आणि प्रौढ मनुष्य कमरेला घाम आणणारा पट्टा बांधून फिरतो. दोघांच्याही पदरी बहुधा निराशा येते आणि त्या निराशेतून व्यायामच सोडून दिला जातो, किंवा त्याहून घातक मार्ग पत्करले जातात. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय मांडणी आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. उदरस्नायूंची रचना व कार्य स्पष्ट करणे.
२. पोटावरील मेद आणि पोटाचे व्यायाम यांतील संबंध उपलब्ध संशोधनाच्या आधारे तपासणे.
३. उदरस्नायूंच्या सुदृढतेत आहार आणि व्यायाम यांचा वाटा वेगवेगळा करून दाखविणे.
४. भारतीय शरीरप्रकृतीच्या संदर्भात या विषयाचे महत्त्व विशद करणे.

उदरस्नायूंची रचना व कार्य

पोटाची पुढील व बाजूची भिंत प्रामुख्याने चार स्नायूंच्या जोड्यांनी बनलेली असते. छातीच्या फासळ्यांपासून ओटीच्या हाडापर्यंत उभा जाणारा स्नायू शरीररचनाशास्त्रात ‘रेक्टस अॅब्डॉमिनिस’ या नावाने ओळखला जातो. मध्यरेषेवरील तंतुमय पट्टीमुळे त्याचे डावा व उजवा असे दोन भाग पडतात आणि आडव्या कंडरापट्ट्यांमुळे प्रत्येक भागाचे कप्पे होतात. लोकांना दिसणारे ‘पॅक’ म्हणजे हेच कप्पे होत. या आडव्या पट्ट्या बहुतेकांमध्ये तीन असतात, काहींमध्ये कमी किंवा अधिक असतात. त्यांची संख्या व मांडणी जन्मजात असते. त्यामुळे एखाद्याच्या पोटावर चार कप्पे दिसणार, सहा दिसणार की आठ, हे त्याची शरीररचना ठरविते. कोणत्याही व्यायामाने ही संख्या बदलता येत नाही.

उभ्या स्नायूच्या दोन्ही बाजूंस बाह्य तिर्यक आणि अंतर्गत तिर्यक असे दोन स्नायू एकावर एक असतात. धड वळविणे आणि बाजूस वाकविणे हे त्यांचे कार्य. सर्वांत आत, कमरपट्ट्याप्रमाणे आडवा वेढा देणारा ‘ट्रान्सव्हर्सस’ हा स्नायू असतो. तो बाहेरून कधीच दिसत नाही, परंतु त्याचे महत्त्व मोठे आहे. हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, निरोगी मनुष्य हात हलवितो तेव्हा हात हलण्यापूर्वीच हा आतला स्नायू आकुंचन पावतो आणि कण्याला आधार देतो. कंबरदुखीने त्रस्त असलेल्या व्यक्तींमध्ये मात्र हे आकुंचन उशिरा होते.

उदरस्नायू एकटे कार्य करीत नाहीत. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे पाठीच्या कण्यालगतचे स्नायू आणि पुढे व बाजूंना उदरस्नायू अशी ही चहूबाजूंनी बंद असलेली पेटी आहे. पाण्याची कळशी उचलणे, खोकणे, फळ्यावर उंच हात करून लिहिणे, तासभर उभे राहून शिकविणे अशा प्रत्येक कृतीत ही पेटी आतील दाब राखून कण्याचे रक्षण करते. म्हणजे उदरस्नायूंचे मुख्य कार्य धडाला स्थैर्य देणे हे आहे; दिसणे हे त्यांचे कार्यच नव्हे.

मेदाचे दोन थर आणि भारतीय शरीरप्रकृती

उदरस्नायू प्रत्येकाला असतात. ते दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर त्वचेखालील मेदाचा थर असतो. चिमटीत धरता येते ती हीच चरबी. याखेरीज स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतडी व यकृत यांच्या सभोवती दुसरा मेद साठतो. त्यास अंतस्थ मेद असे म्हणता येईल. तो चिमटीत येत नाही, पण पोटाचा घेर वाढवितो. या मेदातील बऱ्याच भागाचे रक्त थेट यकृताकडे जाते. त्यामुळे त्यातून सुटणारी मेदाम्ले यकृतावर भार टाकतात आणि इन्शुलिनच्या कार्यात अडथळा निर्माण होतो. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांच्याशी अंतस्थ मेदाचा संबंध त्वचेखालील मेदापेक्षा अधिक निकटचा आहे.

भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे आणि ती जगासमोर आणण्यात पुण्यातील संशोधनाचा मोठा वाटा आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले असता युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. वजनकाट्यावर दोघे समान असूनही देहाची घडण मात्र भिन्न होती.

हा फरक जन्मापासूनच आढळतो. पुणे परिसरातील ग्रामीण नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी करणारे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याकडील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तेथील बालकांचे ३.५ किलो होते. भारतीय बालकांमध्ये स्नायू आणि उदरस्थ अवयव यांची वाढ बरीच कमी होती, पण त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून राहिला होता. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे या प्रकृतीचे वर्णन केले जाते. याच कारणामुळे भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांकरिता ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांकरिता ८० सेंटिमीटर अशी, पाश्चात्त्यांपेक्षा कमी मानली जाते. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे आलेले, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी ठेवण ‘खात्यापित्या घराची’ खूण म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

पोटाच्या व्यायामाने पोटावरील मेद घटतो काय?

स्नायू ज्या जागी काम करतो त्या जागचीच चरबी तो वापरत असेल, ही कल्पना स्वाभाविक वाटते. पण शरीराची व्यवस्था तशी नाही. व्यायामाच्या वेळी रक्तात अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात. ती संपूर्ण शरीरातील मेदपेशींपर्यंत पोचतात. मेदपेशीतील साठा विघटित होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात आणि रक्तावाटे जेथे गरज असेल त्या स्नायूला मिळतात. पोटाच्या स्नायूला लागणारी ऊर्जा मांडीवरील किंवा पाठीवरील मेदातूनही येऊ शकते. कोणत्या भागातील मेद आधी घटावा आणि कोणत्या भागातील शेवटी, हे बहुतांशी अनुवंश, लिंग आणि वय यांवर अवलंबून असते.

प्रयोगांनीही हेच दर्शविले आहे. टेनिसपटूंचा एक हात आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक काम करतो. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा खेळाडूंच्या दोन्ही हातांवरील त्वचेखालील मेदाची जाडी मोजण्यात आली. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण मेदाच्या जाडीत लक्षणीय फरक नव्हता. १९८४ मधील कॅच व सहकाऱ्यांच्या प्रयोगात सहभागी व्यक्तींकडून २७ दिवसांत एकूण ५,००४ सिट-अप करवून घेण्यात आले. प्रयोगाच्या आधी व नंतर पोट, पाठ आणि नितंब येथील मेदपेशींचे नमुने तपासले असता तिन्ही ठिकाणच्या पेशींचा आकार सारख्याच प्रमाणात घटल्याचे आढळले. २०११ मध्ये विसपुते व सहकाऱ्यांनी २४ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम करूनही पोटावरील मेद किंवा कमरेचा घेर कमी झाला नाही. उदरस्नायूंची दमदारी मात्र निश्चितपणे वाढली.

अलीकडे या प्रश्नाची पुन्हा चर्चा सुरू झाली आहे. २०२३ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी जादा वजनाच्या पुरुषांच्या एका छोट्या गटाकडून दीर्घकाळ चालणारे, दमश्वासाचे पोटाचे व्यायाम करवून घेतले. तुलनेसाठीचा गट पट्ट्यावर धावत होता. दोन्ही गटांत एकूण मेद सारखाच घटला, परंतु पहिल्या गटात धडावरील मेद किंचित अधिक घटल्याचे त्यांनी नोंदविले. हा निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नसला, तरी अभ्यासाची व्याप्ती लहान आहे आणि फरकही अल्प आहे. एकंदर पुराव्याचा कौल आजही असाच आहे की, व्यवहारात पोटाच्या व्यायामांवर विसंबून पोटाची चरबी हटविता येत नाही. घाम आणणारे पट्टे तर केवळ पाणी घालवितात. पाणी प्यायल्यावर ते वजन पुन्हा भरून येते.

मग मेद जातो कोठे? २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मियरमन व ब्राउन यांनी याचे गणित मांडले. दहा किलो मेदाचे पूर्ण ज्वलन झाले तर त्यातील सुमारे ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेला १.६ किलो भाग पाण्यात रूपांतरित होतो. मेद घामातून ‘वितळून’ जात नाही, तो प्रामुख्याने उच्छ्वासावाटे जातो. शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा वापरली जाणारी ऊर्जा दीर्घकाळ अधिक राहिली, तरच हे घडते.

आहाराचा वाटा

एक किलो मेदऊतीमध्ये साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास ७० किलो वजनाच्या व्यक्तीची सुमारे २५० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. एक वडापाव साधारण त्याहून थोडी अधिक ऊर्जा काही मिनिटांत परत देतो. यावरून हे ध्यानी यावे की, ऊर्जेच्या ताळेबंदात आहाराचे पारडे जड असते. पोटावरील मेद उतरविण्याचे काम मुख्यतः स्वयंपाकघरात होते, व्यायामशाळेत नव्हे.

महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या दिनक्रमाचे साधे उदाहरण घेता येईल. दिवसातून पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरल्यास सुमारे ५० ग्रॅम साखर पोटात जाते. तीतून २०० किलोकॅलरी मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत साखरेची दैनिक मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास सांगितली आहे. म्हणजे जेवणाचा विचार करण्यापूर्वीच ही मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. फोडणीतील एक मोठा चमचा तेल सुमारे १२५ किलोकॅलरी देते. चहासोबतची बिस्किटे, सणावाराचे तळण, रात्री उशिराचे भरपेट जेवण यांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. शरीर मात्र तो चोख ठेवते.

दररोजच्या गरजेपेक्षा साधारण ५०० किलोकॅलरी कमी घेतल्यास हिशेबाने पंधरा दिवसांत एक किलो मेद घटावयास हवा. प्रत्यक्षात वेग याहून कमी पडतो, कारण वजन घटू लागले की शरीर ऊर्जेचा खर्चही आवरते घेते. येथेच एक धोका संभवतो. केवळ उपासमारीने वजन उतरविल्यास घटलेल्या वजनात सुमारे पाव हिस्सा स्नायू व इतर मेदविरहित ऊतींचा असतो. भारतीयांमध्ये स्नायू मुळातच कमी असल्याने हे नुकसान परवडणारे नाही. ते टाळण्याचे उपाय दोन : पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना काम देणारा व्यायाम.

प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस प्रतिकिलो वजनास ०.८३ ग्रॅम अशी आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला ५० ग्रॅम प्रथिने हवीत. शाकाहारी मराठी घरातील आहाराचा हिशेब मांडल्यास २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्यांतून सुमारे २० ग्रॅम, ६० ग्रॅम डाळीच्या वरण-आमटीतून १३ ग्रॅम आणि ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून १० ग्रॅम अशी ४३ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकीच्या उसळीची एक वाटी किंवा मूठभर शेंगदाणे यांची त्यात भर घातली की गरज पूर्ण होते. मांसाहारी व्यक्तीस एक अंडे सहा ग्रॅम प्रथिने देते. प्रत्यक्षात अनेक घरांत वरण पातळ आणि भात भरपूर, अशी विभागणी होते आणि कमतरता तेथेच निर्माण होते.

स्नायुवर्धक व्यायाम नियमितपणे करणाऱ्यांची गरज अधिक असते. तथापि २०१८ मध्ये मॉर्टन व सहकाऱ्यांनी ४९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखविले की, प्रतिकिलो सुमारे १.६ ग्रॅमपलीकडे प्रथिने वाढविल्याने स्नायुवृद्धीत सरासरीने विशेष भर पडत नाही. डाळी, कडधान्ये, सोयाबीन, दूध, ताक, पनीर, अंडी, मासे यांतून ही गरज भागविता येते. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही प्रथिनांच्या डबाबंद पूरकांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला आहे.

आहाराइतकीच झोपेची भूमिकाही महत्त्वाची आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण काटेकोर प्रयोगात जादा वजनाच्या दहा व्यक्तींना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची संधी देऊन १४-१४ दिवस सारखाच मर्यादित आहार देण्यात आला. वजन दोन्ही वेळा जवळपास तेवढेच घटले. परंतु कमी झोपेच्या काळात घटलेल्या वजनातील मेदाचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी झाला. आहार तोच असूनही अपुऱ्या झोपेने मेदाऐवजी स्नायूंचा ऱ्हास झाला.

व्यायामाचा वाटा

आहार मेदाचे आवरण उतरवितो, परंतु स्नायू घडवीत नाही. ते कार्य व्यायामाचे आहे आणि त्याचे तीन भाग करता येतात.

पहिला भाग सर्वांगीण दमश्वासाच्या व्यायामाचा. भरभर चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांनी ऊर्जेचा खर्च वाढतो आणि अंतस्थ मेदावर परिणाम होतो. रॉस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये स्थूल पुरुषांवरील तीन महिन्यांच्या प्रयोगात असे दाखविले की, वजन मुद्दाम कायम राखूनही नियमित व्यायाम करणाऱ्यांचा अंतस्थ मेद घटला. वजनकाट्याचा आकडा हलला नाही म्हणून व्यायाम व्यर्थ गेला, असे समजणे चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामाची शिफारस केली आहे.

दुसरा भाग सर्व मोठ्या स्नायूंच्या बळकटीचा. जोर, बैठका, वजन उचलणे, दोरीवर चढणे यांत पाय, पाठ, खांदे यांबरोबर उदरस्नायूही धड स्थिर ठेवण्यासाठी जोराने काम करतात. उत्तम जोर काढणाऱ्याचे पोट सैल राहूच शकत नाही, कारण ते सैल सोडताच कंबर खाली झुकते आणि जोर बिघडतो.

तिसरा भाग प्रत्यक्ष उदरस्नायूंच्या व्यायामाचा. इतर स्नायूंप्रमाणेच उदरस्नायूही वाढत्या भारानेच वाढतात. तोच व्यायाम शेकडो वेळा करण्यापेक्षा व्यायाम क्रमाक्रमाने अवघड करीत जाणे अधिक फलदायी असते. कोपर व पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखे ताठ धरणारा प्लँक, एका कुशीवरील प्लँक, दोन्ही हातपाय टेकून समोरासमोरील हात व पाय उचलून धरणे, नौकासन आणि पुढे बारला लोंबकळून पाय उचलणे, अशी चढती श्रेणी योजता येते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे कणातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी कणा पुन्हापुन्हा पूर्ण वाकविणाऱ्या सिट-अपऐवजी कणा स्थिर ठेवून उदरस्नायूंना काम देणाऱ्या व्यायामांचा पुरस्कार केला आहे. कंबरदुखी, हर्निया अथवा उदराची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्यानेच सुरुवात करावी. बाळंतपणानंतर पोटाच्या मध्यरेषेवरील पट्टी काही स्त्रियांमध्ये रुंदावलेली राहते. त्यांना थेट सिट-अप करावयास लावणे अयोग्य असून, खोल श्वसन आणि आतल्या आडव्या स्नायूच्या सौम्य व्यायामापासून आरंभ करणे इष्ट ठरते.

या संदर्भात महाराष्ट्रातील परंपरेची नोंद घेणे उचित होईल. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून हिरिरीने प्रसार केला. सूर्यनमस्कारात धडाचे पुढे वाकणे, मागे वाकणे आणि मध्ये ताठ धरणे या तिन्ही क्रिया आळीपाळीने येतात व गती वाढविल्यास दमश्वासाचाही व्यायाम घडतो. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि उड्डियान व नौली या क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. नौलीमध्ये पोटाचा उभा स्नायू वेगळा काढून फिरविला जातो. या क्रियेत आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो हे त्यांनी उपकरणांनी मोजून दाखविले. उदरस्नायूंवरील सूक्ष्म ताबा कमावता येतो आणि तो मोजताही येतो, हे ‘सिक्स पॅक’ हा शब्द येथे पोचण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात सिद्ध झालेले होते.

अतिरेकाचे धोके

पोटावरील रेषा स्पष्ट दिसण्यासाठी पुरुषांच्या शरीरातील मेद साधारण १० ते १२ टक्क्यांपर्यंत आणि स्त्रियांचा १८ ते २० टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. काही व्यक्तींना हे प्रमाण सहज साधते, पुष्कळांना ते कायम राखणे शक्य होत नाही. मेद हा निरुपयोगी भार नव्हे. संप्रेरकांची निर्मिती, प्रतिकारशक्ती आणि स्त्रियांचे ऋतुचक्र यांस तो आवश्यक असतो. व्यायामाच्या मानाने आहार दीर्घकाळ अपुरा राहिल्यास पाळी थांबणे, हाडे ठिसूळ होणे, सतत थकवा व चिडचिड अशी लक्षणे उद्भवतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याची दखल घेऊन स्त्री व पुरुष अशा दोन्ही खेळाडूंमधील या विकारसमूहाकडे लक्ष वेधले.

तरुण मुलांमध्ये दुसरा धोका दिसतो. पिळदार शरीर असूनही आपण किरकोळच आहोत, असे सतत वाटत राहण्याच्या मानसिक विकाराचे वर्णन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले. अशा न्यूनगंडातून स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळणाऱ्यांच्या शरीरातील नैसर्गिक पुरुषी संप्रेरकाची निर्मिती मंदावते, वंध्यत्व येऊ शकते आणि यकृत व हृदय यांवर दुष्परिणाम होतात. छायाचित्रातील पोट हे अनेकदा विशिष्ट दिवसासाठी पाणी तोडून, प्रकाशयोजना साधून मिळविलेले असते. ते बाराही महिने राखावयाचे आरोग्य नव्हे. विद्यार्थ्यांना हा भेद सांगणारे कोणी भेटले नाही, तर तो भेद त्यांना शरीराची किंमत मोजून शिकावा लागतो.

महाविद्यालयांच्या संदर्भात

महाविद्यालय हे या विषयाच्या प्रबोधनाचे योग्य स्थान आहे. येथे वजनकाट्याबरोबर एक साधी मोजपट्टी पुरेशी ठरते. सर्वांत खालची फासळी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर घेर मोजावा. हा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा लक्षात ठेवण्यास सोपा निकष आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आणि जिमखान्यात अशी मोजणी करून तिला प्लँक किती सेकंद धरता येतो, अखंड किती जोर निघतात अशा क्षमतेच्या नोंदींची जोड देता येईल. आरशात काय दिसते याऐवजी शरीर काय करू शकते याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वळविणे, हा त्यामागील हेतू असावा. अध्यापकांनीही दोन तासिकांमधील वेळ खुर्चीत न घालविता चालण्यासाठी वापरणे आणि चहातील साखर निम्म्यावर आणणे, ही सुरुवात फारशी कठीण नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. सुदृढ उदरस्नायू आणि दिसणारे उदरस्नायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आहार मेदाचे प्रमाण ठरवितो आणि व्यायाम स्नायूंचे बळ ठरवितो. एकाचे कार्य दुसऱ्याकडून होत नाही. पोटाच्या व्यायामांनी पोट बळकट होते, परंतु केवळ त्यांनी पोट कमी होत नाही. कप्प्यांची संख्या व मेद उतरण्याचा क्रम यांवर कोणाचेही फारसे नियंत्रण नसते; कमरेचा घेर, धडाची ताकद, ताटातील प्रथिने आणि झोपेचे तास यांवर मात्र ते पुष्कळ अंशी असते. स्नायू कमी व अंतस्थ मेद अधिक, अशी प्रकृती घेऊन जन्मणाऱ्या भारतीयांसाठी उदराची निगा हा सौंदर्यापेक्षा आरोग्याचा प्रश्न आहे. पुरेशी प्रथिने देणारा मोजका आहार, चालण्यासारखा नित्याचा व्यायाम आणि जोर-बैठकांसारखे बळकटीचे व्यायाम यांचा समन्वय साधल्यास बहुतेकांच्या पोटावर रेषा उमटतीलच असे नाही. परंतु घेर आटोक्यात राहील, कण्याला आधार मिळेल आणि मधुमेहाचा धोका कमी होईल. उदरस्नायूंच्या सुदृढतेचा खरा अर्थ यातच सामावलेला आहे.